परक्या केसांचे स्वामित्व

मनुष्याच्या देहाशी निगडित असलेल्या वस्तूंमध्ये केसाइतकी चमत्कारिक स्थिती दुसऱ्या कशाचीही नसेल. मस्तकावर असेपर्यंत जो सौंदर्याचे, सौभाग्याचे आणि तारुण्याचे लक्षण मानला जातो, तोच केस मुळापासून सुटून पानात आढळला की समोरचे अन्न त्याज्य ठरते. मनुस्मृतीने तर गळालेल्या केसांना राख, हाडे आणि खापऱ्या यांच्या पंक्तीत बसवून त्यांवर उभे राहू नये असा दंडक घातला आहे. परंतु याच्या अगदी उलट साक्षही तितकीच बलवत्तर आहे. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यात पैगंबरांचा म्हणून जतन केलेला एक केस २७ डिसेंबर १९६३ रोजी नाहीसा झाला, तेव्हा भर हिवाळ्यात सारे काश्मीर खोरे रस्त्यावर आले आणि ४ जानेवारीस तो परत मिळेपर्यंत शांत झाले नाही. रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्यात तपुस्स आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांना प्रत्यक्ष बुद्धाने दिलेले आठ केस आहेत, अशी ब्रह्मी लोकांची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेवर सोन्याने मढवलेला एवढा मोठा स्तूप उभा आहे. द्रव्य म्हणून पाहिले तर पानातला केस आणि सुवर्णकुपीतला केस यांत तिळभर अंतर नाही. तेव्हा केसाची शुद्धाशुद्धता त्याच्या द्रव्यात नसून अन्यत्र कोठेतरी आहे, एवढे तरी प्रारंभीच मान्य करावे लागते. ती नेमकी कोठे आहे, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

या शोधाला कारण घडले ते एका घरगुती प्रसंगाचे. आमच्या आप्तांपैकी एका स्त्रीला कर्करोगावरील औषधोपचारांत सारे केस गमवावे लागले. तिने मनुष्यकेसांचा एक टोप विकत घेतला. टोप उत्तम होता, पण त्याची छटा तांबूस होती आणि हिचे स्वतःचे केस गर्द काळे होते. रंगशाळेत जाऊन चार अनोळखी माणसांसमोर डोके उघडे करणे तिला नको होते, म्हणून तो घरीच काळा करून घ्यावा असा तिचा बेत ठरला. रंगाचे सामान आले, आणि तेव्हाच घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाईंनी एक शंका काढली. "अगं, रंग लावशील, पण हे केस आहेत तरी कोणाचे? देवाला वाहिलेले असले तर? आणि कोणा दुबळीच्या डोक्यावरून उतरवलेले असले तर?" तरुण मंडळींनी ही शंका सोवळ्याओवळ्याच्या सदरात जमा करून सोडून दिली. मला मात्र ती तशी सोडता आली नाही. आत्याबाईंच्या प्रश्नाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे दोन अगदी भिन्न प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर कितीही सौम्य आले तरी दुसऱ्याचे तसे येईलच असे नाही, हे त्याच वेळी जाणवले होते.

त्या दोहोंकडे वळण्यापूर्वी तिसऱ्या एका आक्षेपाचा निकाल लावणे इष्ट आहे. परक्याचे केस स्वतःचे म्हणून मिरवणे हे एक असत्य, आणि त्यांवर पुन्हा रंग चढवणे हे असत्यावर असत्य, असे पुष्कळांस वाटते. केस रंगवण्याविषयी आपल्या परंपरेत एकमत कधीच नव्हते. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचे प्रकरण मांडताना प्रथम केस काळे करण्याचीच कृती देतो. पांढऱ्या केसांवर माळा, अत्तरे आणि उंची वस्त्रे शोभत नाहीत, असे त्याचे सरळ म्हणणे, आणि लोखंडी भांडे, लोहचूर्ण व आंबट द्रव यांनी सिद्ध होणारा त्याचा कलप आपल्या आज्यांच्या लोखंडी कढईतल्या आवळ्याशी नाते सांगणारा आहे. दुसऱ्या बाजूस मखादेव जातकातला राजा आहे. न्हाव्याने सोन्याच्या चिमट्याने उपटून हातावर ठेवलेला पहिला पांढरा केस हा मृत्यूचा दूत आहे असे जाणून तो राज्य सोडतो आणि प्रव्रज्या घेतो. या राजाच्या दृष्टीने कलप म्हणजे दूताचे तोंड बांधणे होय, आणि स्वतःच्या डोक्यावरच्या केसांपुरता तो आक्षेप मला गंभीर वाटतो. परंतु टोपाला तो लागू पडत नाही. टोपातला केस पिकत नाही, काळाची वार्ता आणीत नाही, कारण ज्या मुळातून ती वार्ता यायची ते मूळच त्याला उरलेले नसते. त्या स्त्रीच्या मनात मृत्यूला चुकवण्याचा विचार नव्हता. मृत्यू तर तिने दाराशी उभा राहिलेला पाहिला होता. आरशात आपण ओळखू येऊ, आणि शाळेतून घरी आलेले मूल आपल्याला पाहून थबकणार नाही, एवढीच तिची मागणी होती. परक्या वस्तूला आपल्या स्मृतीतल्या रंगाशी जुळवून घेणे यात मला असत्याचा लेशही दिसत नाही. नाटकमंडळ्यांच्या रंगपटात टोप चढवून उभ्या राहिलेल्या नटाला कोणी लबाड म्हटले नाही, मग आजारातून उठून संसाराच्या रंगभूमीवर पुन्हा पाऊल टाकणाऱ्या स्त्रीलाच हा हिशेब कशासाठी विचारावा?

आता प्रत्यक्ष रंगाचे काम कसे चालते ते पाहू, कारण आत्याबाईंच्या शंकेचा पहिला पुरावा मला त्या कामातच सापडला. त्वचेच्या बाहेर आलेला केसाचा भाग डोक्यावर असतानाही निर्जीवच असतो. जिवंतपण असते ते त्वचेखालच्या मुळाशी. तेव्हा रंगाच्या रसायनाला केस डोक्यावर आहे की लाकडी मुंडक्यावर पिनांनी बसवलेल्या टोपात आहे, याने तत्त्वतः काही फरक पडत नाही. अमोनिया केसावरचे खवले सैल करतो, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने रंगद्रव्य आत शिरून तेथेच घट्ट होते. गडद छटा आणायची असेल तर पेरॉक्साइडचे तीन ते सहा टक्क्यांचे द्रावण पुरते, यांपैकी सहा टक्क्यांच्या द्रावणाला रंगशाळेत वीस व्हॉल्यूम म्हणतात. काळ्यावरून फिके करायचे असेल तर मात्र आधीचा रंग ब्लीचने उतरवावा लागतो. तो उद्योग घरी करू नये, कारण त्यात केस पोचट होतो आणि त्याच्या जागी नवा उगवणार नसतो. डोक्यावरचा बिघडलेला रंग काही महिन्यांत वाढीबरोबर निघून जातो, टोपावरचा जात नाही. म्हणून टोप प्रथम सौम्य शाम्पूने धुऊन वाळवावा, कानामागच्या एखाद्या बटेवर रंगाची परीक्षा घ्यावी, रंग केसांच्या लांबीवर लावावा, पण जाळीवर आणि गाठींवर जाऊ देऊ नये. ठरलेल्या वेळेनंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट पाण्याने धुवावे आणि उष्ण हवेचा झोत न देता वाळू द्यावे. औषधोपचारांनी हळव्या झालेल्या टाळूला रंगातली काही द्रव्ये बाधू शकतात, म्हणून धुण्याच्या कामी येथे अधिक सावधपणा हवा. कृत्रिम तंतूंच्या टोपावर केसांचा हा नेहमीचा रंग चढतच नाही, हेही सांगून ठेवतो.

परंतु मनुष्यकेसांचे सगळे टोपही रंगाला सारखी दाद देत नाहीत. केसावरचे खवले मुळाकडून टोकाकडे कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. एकाच डोक्यावरचे केस एकाच वेळी, एकाच दिशेने उतरवून जुडी बांधली की ही दिशा कायम राहते, आणि अशा केसावर रंग एकसारखा बसतो. याउलट फणीत अडकलेली, मोरीच्या तोंडाशी साचलेली जी गुंतवळ सुया, पिना आणि भांडी देऊन फेरीवाल्या बायका दारोदार गोळा करतात, तिच्यात मुळे आणि टोके यांची पुरती सरमिसळ झालेली असते. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात आणि बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात ही गुंतवळ उकलून, विंचरून, लांबीनुसार निवडणारे हजारो हात आहेत. तरीही खवले एकमेकांत अडकू नयेत म्हणून पुढे बहुधा असा केस आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचे लेपन देतात. लेपन धुपून गेले की असला केस कोठे रंग अधाशासारखा पितो, कोठे घेतच नाही, आणि मेंदी व नीळ यांचा देशी मार्ग तर लेपनावर टिकाव धरीत नाही. म्हणजे केस आपल्या धन्यापासून कोणत्या रीतीने विभक्त झाला, याची नोंद त्या केसात राहून गेलेली असते आणि रंगवणाऱ्याला ती पहिल्याच हातात वाचता येते. धर्माने विचारायचा प्रश्नही माझ्या मते हाच आहे. केस कोणाचा होता यापेक्षा तो कसा दूर झाला, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आता देवाला वाहिलेल्या केसांविषयी. दक्षिणेत तिरुमलैच्या डोंगरावर व्यंकटेशाच्या दर्शनाआधी मुंडन करण्याची जागा आहे, तिला कल्याणकट्टा म्हणतात. तेथे रात्रंदिवस वस्तरे चालू असतात आणि त्यांखाली राजा व रंक, पुरुष, स्त्री आणि तान्हे मूल अशी सारीच मस्तके वाकतात. कथा अशी सांगतात की आघाताने देवाच्या मस्तकावरचे काही केस गेले, तेव्हा नीलादेवी नावाच्या गंधर्वकन्येने आपले केस कापून ती उणीव भरून काढली, आणि यापुढे भक्त जे केस अर्पण करतील ते तुझेच, असा देवाने तिला वर दिला. म्हणजे या क्षेत्रातल्या केशदानाच्या मुळाशी केसांच्या आरोपणाचीच, एका अर्थी टोपाचीच कथा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रातून बालाजीला जाणाऱ्यांत हे मुंडन करून आलेली माणसे गावोगाव भेटतात. उतरलेले केस देवस्थान प्रतवारी लावून जाहीर लिलावाने विकते आणि ती रक्कम देवस्थानाच्या महसुलात जमा होते. प्रयागच्या संगमावर आपल्याकडच्या स्त्रिया वेणीदान करतात, तेव्हा वेणीचे टोक पाण्यात सोडले जाते आणि तेथेच त्याचा वृत्तांत संपतो. तिरुमलैच्या केसाचा वृत्तांत मात्र वस्तऱ्यापाशी संपत नाही. तो समुद्र ओलांडतो आणि ज्यांना व्यंकटेशाचे नावही ठाऊक नाही अशांच्या मस्तकावर जाऊन बसतो.

या प्रवासातूनच २००४ साली एक मोठा धार्मिक पेच उभा राहिला. सनातनी यहुदी समाजातल्या पुष्कळ विवाहित स्त्रिया आपले केस परपुरुषाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून टोप वापरतात. (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात ही चाल नव्हती, तेथे पदरच पुरेसा होता.) यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे मूर्तिपूजेत अर्पण केलेल्या वस्तूचा कोणत्याही प्रकारे उपभोग घेणे निषिद्ध आहे. त्या वर्षी लंडनच्या एका धर्मन्यायाधीशाने तिरुमलैस जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली, आणि तिच्या आधारे जेरुसलेमचे थोर धर्मपंडित रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी हे केस निषिद्ध आहेत असा निर्णय मे महिन्यात दिला. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर आणि इस्राएलात स्त्रियांनी आपले मूल्यवान टोप होळीत टाकले. विरुद्ध मताच्या पंडितांचे म्हणणे असे होते की यात्रेकरू केस कापतो तो पूजेची पूर्वतयारी म्हणून, कापणे ही स्वतः पूजा नव्हे, म्हणून या केसांना नैवेद्याचे स्वरूप येत नाही. हा सारा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपला होता: वस्तरा डोक्यावरून फिरताना त्या यात्रेकरूच्या मनात काय असते?

हा प्रश्न यहुदी परंपरेला परका नव्हता. त्यांच्या गणना नावाच्या ग्रंथात नाझीर व्रताचा विधी आहे. व्रतकाळात केसांना वस्तरा लावायचा नाही, आणि व्रत पुरे झाले की मुंडन करून ते केस शांत्यर्पणाखालच्या अग्नीत टाकायचे. या केसांचा उपभोगही पुढे शास्त्राने वर्ज्य ठरवला. आणि तालमुदात तर परक्या केसांविषयी मोठा सूक्ष्म प्रश्न उपस्थित केला आहे. धर्मभ्रष्ट ठरलेल्या नगरातली मालमत्ता जाळून टाकावी असा दंडक असताना त्या नगरातल्या सदाचारी स्त्रीचा खुंटीवर टांगलेला टोप मालमत्तेत धरावा, की तो घालून ती नित्य वावरते म्हणून तिच्या देहात धरावा? प्रश्न तेथे अनिर्णितच राहिला आहे, आणि माझ्या दृष्टीने हे पंडितांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

आपल्याकडे या विषयाची मांडणी सर्वांत खोलवर केली ती मीमांसकांनी. याग म्हणजे काय, तर द्रव्य, देवता आणि त्याग यांचा संयोग, आणि यांतही प्राण आहे तो त्यागात, म्हणजे 'हे माझे नव्हे' या संकल्पात. परंतु यजमानाने सोडलेली वस्तू देवतेच्या मालकीची होते काय? येथे शबरस्वामींचे उत्तर ऐकून आजचा भाविकही दचकेल. देवता कोणत्याही वस्तूचा ताबा घेत नाही, उपभोग करीत नाही, तेव्हा देवाचे गाव, देवाचे शेत असे आपण म्हणतो ते केवळ उपचाराने, असे ते निःशंकपणे सांगतात. पुढे राजांच्या सनदा, देवस्थानांची इनामे आणि कचेऱ्यांची दफ्तरे यांनी व्यवहारात देवाला खातेदार करून टाकले. १९२५ साली प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने कुलदेवतेच्या मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानून तिच्या इच्छेचाही विचार व्हावा असे ठरवले. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले, नाहीतर देवस्थानांच्या जमिनी कोणीही गिळंकृत केल्या असत्या. तथापि तत्त्वाच्या दृष्टीने मला शबरांचे म्हणणे अधिक निर्मळ वाटते. देव केसांचा मालक होत नाही. भक्ताची मालकी तेवढी संपते.

मग त्या केसांचे पुढे काय करावे? मीमांसकांनी यज्ञातल्या क्रियांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही क्रिया मुख्य फळासाठी असतात, त्यांना अर्थकर्म म्हणतात. काही क्रिया उपयोग होऊन गेलेल्या वस्तूची योग्य विल्हेवाट लावण्यासाठी असतात, त्यांना प्रतिपत्तिकर्म म्हणतात. दीक्षित यजमानाला अंग खाजवण्यासाठी दिलेले काळविटाचे शिंग काम झाल्यावर चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकतात, ते टाकणे हे दुसऱ्या प्रकारचे. कल्याणकट्ट्यावरच्या यात्रेकरूने वाहिले ते काय? माझ्या मते त्याने केसांचा भार वाहिला नाही, केसांचा अभिमान वाहिला. तो अभिमान वस्तऱ्याच्या पहिल्या ओढीत देवापाशी पोहोचला आणि अर्थकर्म तेथेच सिद्ध झाले. खाली उरले ते त्या शिंगासारखे, ज्याचे काम होऊन गेले आहे. त्याचा लिलाव ही प्रतिपत्ती होय. ती अधिक गंभीरपणे व्हावी, यात्रेकरूला तिची स्पष्ट कल्पना असावी, असे मी आग्रहाने म्हणेन. पण तिच्यामुळे त्याचा त्याग उणा होत नाही, आणि तो केस विकत घेणाऱ्या रुग्ण स्त्रीला देवद्रव्याच्या अपहाराचा दोषही लागत नाही. जैन साधू केशलोचात स्वतःच्या हाताने केस उपटतात, तेव्हाही त्या केसांना कोणी पूज्य मानीत नाही. पूज्य असते ती त्या क्षणीची निरपेक्षता.

असे असले तरी ब्रुकलिनच्या होळीकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. आपले कित्येक महिन्यांच्या बचतीतून घेतलेले टोप ज्यांनी जाळले, त्यांनी निदान एवढे मान्य केले की डोंगरावरच्या त्या अनामिक आंध्र शेतकरणीने काहीतरी खरोखर अर्पण केले होते. तोच केस बाजारात आणून त्याला दुसऱ्याच देशाचे नाव देणारा व्यापारी एवढेही मान्य करीत नाही.

येथवर आत्याबाईंच्या प्रश्नाचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध यापेक्षा कठोर आहे, आणि त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच घरांत, विशेषतः ब्राह्मणांच्या घरांत, विधवेचे मस्तक तिला न विचारता भादरले जात होते, आणि तेही धर्माच्या नावाने. बाह्य आकार पाहिला तर कल्याणकट्ट्यावरचे मुंडन आणि माजघराच्या अंधारातले केशवपन यांत भेद करता येणार नाही. तोच वस्तरा, तेच खाली वाकलेले मस्तक, तोच जमिनीवर पडणारा केशसंभार, आणि त्यामागे तोच पुण्याचा हवाला. तरीही एक त्याग आहे आणि दुसरा जुलूम आहे, कारण दुसऱ्या ठिकाणी 'हे माझे नव्हे' असे म्हणणारी व्यक्ती आणि जिचे केस जात आहेत ती व्यक्ती एक नाहीत. दुसऱ्याच्या वतीने दान करता येते, करही भरता येतो, पण दुसऱ्याच्या वतीने त्याग करता येत नाही. आगरकरांनी 'सुधारका'तून या रूढीवर शस्त्र धरले ते याच तत्त्वासाठी. १८९० च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांनी सत्यशोधकांच्या प्रेरणेने विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय केला, तेव्हा शास्त्रार्थाच्या गादीवर बसलेल्या पंडितांना न सुचलेला विवेक वस्तरा धरणाऱ्या हातांना सुचला. हे मला आपल्या सामाजिक इतिहासातले अत्यंत उज्ज्वल पान वाटते. पार्वतीबाई आठवल्यांनी वैधव्यातले वपन सोसून पुढे समजून उमजून केस राखले, तेव्हा त्यांनी कोणताही धर्म मोडला नाही. त्यांच्याकडून काढून घेतलेली वस्तू त्यांनी परत घेतली.

या जुलमाची परिसीमा १९४५ च्या जानेवारीत जगाला दिसली. ऑश्विट्झची छावणी रशियन सैन्याने मुक्त केली तेव्हा तेथे सुमारे ७,००० किलो मनुष्यकेस सापडले. ते बहुतांशी त्या छावणीत मारल्या गेलेल्या स्त्रियांचे होते आणि कापड विणण्यासाठी ते कारखान्यांना विकले जात होते. त्यांतले काही आजही तेथील संग्रहालयात आहेत. ते पुरावा म्हणून ठेवावेत की मृत देहाचा अंश म्हणून त्यांचे दफन करावे, यावर विचारी माणसांत मतभेद आहे, आणि दोन्ही पक्षांना ते केस म्हणजे वस्तू वाटत नाहीत, हे येथे सांगणे आवश्यक आहे. काळाने त्या केसांचे मूळचे रंग हरपले आहेत. या प्रकारचा व्यवहार युद्धाबरोबर संपला, अशा भ्रमातही राहू नये. १ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या जकात अधिकाऱ्यांनी चीनच्या शिंजियांग प्रांतातून आलेला केसांच्या मालाचा सुमारे १३ टन साठा अडवला. त्यामागे सक्तीचे आणि कैद्यांचे श्रम असल्याचा संशय हे त्याचे कारण होते. वेणी, टोप, गंगावन अशा निरुपद्रवी नावांखाली असा माल कोणाच्याही घरात येऊ शकतो.

या दोन टोकांच्या मधला प्रदेश विस्तीर्ण आहे, आणि तेथे निर्णय देताना माझी लेखणी अडखळते. जिने पोटासाठी वेणी विकली, तिची संमती होती असे म्हणावे काय? भूक ही जप्तीच्या हुकुमासारखी दाराशी उभी असताना दिलेली संमती मी पूर्ण संमती मानू शकत नाही. परंतु तिला योग्य मोल मिळाले असेल, दलालाने मधल्या मध्ये लुबाडले नसेल, तर तिच्या निर्णयाला नाकारण्याचा अधिकारही मला नाही, कारण तिच्या श्रमाप्रमाणेच तिचे केसही तिचेच होते. गुंतवळीचे प्रकरण याहून सोपे आहे. जे गळून पडले आणि जिचे होते तिने आपणहून फेरीवालीच्या पिशवीत टाकले, त्यात त्याग नसला तरी अपहारही नाही. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात चेतनापासून अचेतन उद्भवते याचा दृष्टान्त म्हणून पुरुषापासून उगवणारे केस आणि नखेच घेतात. जे उगवतानाच अचेतन होते, त्याला देहाशी बांधून ठेवणारा धागा फक्त एक, तो म्हणजे त्या व्यक्तीची 'माझे' ही भावना. तो धागा तिने स्वतः सोडला असेल तर केस शुद्ध आहे, मग तो देवळातून आलेला असो की फणीतून. तो दुसऱ्याने तोडला असेल तर केस अशुद्ध आहे, आणि पेरॉक्साइडचे कोणतेही द्रावण, मेंदीचा कोणताही लेप ती अशुद्धी झाकू शकेल, धुऊ शकणार नाही.

आता एवढ्या निष्कर्षावरून व्यवहारात काय करावे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. आजाराने, वयाने किंवा जन्मतः ज्यांच्या मस्तकावर केस नाहीत, त्यांनी मनुष्यकेसांचा टोप घ्यावा, तो आपल्या आवडीच्या छटेत घरच्या घरी रंगवावा आणि ताठ मानेने घालावा. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी आधी आपल्या कलपाच्या बाटल्यांकडे पाहावे. मात्र दुकानात टोप हाती घेताना किंमत आणि छटा विचारण्याच्या आधी त्याचे मूळ विचारावे. हे केस कोणत्या प्रदेशातले आहेत, ते देवस्थानाच्या लिलावातून आले, गुंतवळीतून आले, की वेणी विकणाऱ्या बायकांकडून, आणि त्या बायकांच्या हातात काय पडले, असे चार प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारले तर दुकानदाराला ते घाऊक व्यापाऱ्याला विचारावे लागतील आणि घाऊक व्यापाऱ्याला त्याच्या दलालाला. जो याचे उत्तर देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छीत नाही, त्याच्याकडून टोप घेऊ नये, मग तो कितीही सुंदर असो. आणि वाचकांपैकी जे यंदा तिरुपतीला जाऊन मुंडन करणार असतील, त्यांना माझी विनंती आहे की वस्तऱ्याखाली बसण्यापूर्वी, हे केस उद्या कोणा अपरिचित रुग्ण स्त्रीच्या डोक्यावर जाणार आहेत हे जाणून, आपल्या संकल्पात तिचाही समावेश करावा.